मॅग्नेपॅन ३.७आय स्पीकरला कोणता अँप (अँप्लिफायर)? ४ ओम, गावातली लाईन आणि ४५ अंशांचा उन्हाळा

पळसपान (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. मॅग्नेपॅन ३.७आय या उंच, सपाट पॅनेलच्या स्पीकरची वापरलेली जोडी घेतली आहे. ट्विटर (उंच स्वरांचा भाग) खरा रिबन, म्हणजे धातूची पातळ पट्टी; बाकी प्लेनर, म्हणजे सपाट पडदा. कागदावर इंपीडन्स (करंटला होणारा विरोध) ४ ओम, २.८३ व्होल्टला ८६ डेसिबल. खोली १४ बाय २० फूट, भिंती मातीच्या दीड फूट जाड, वर टिन आणि त्याखाली प्लायची सीलिंग. बसायची जागा स्पीकरपासून १० फुटांवर. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन, तबला-पखवाज.

मीटरपाशी लाईन मोजली: दुपारी २३५-२४० व्होल्ट, संध्याकाळी १७५-१८०, मध्यरात्रीनंतर कधी २५५. मे महिन्यात खोलीत पंख्याखालीही ४२ अंश.

समोर चार पर्याय आहेत. ३००बी ट्यूबचा ८ वॅटचा अँप, ५० वॅटचा क्लास ए (ज्यात करंट सतत वाहतो), कारागिराकडून बनवून घेतलेला क्लास एबी (बिनसिग्नल करंट थोडाच), किंवा क्लास डी (स्विचिंगवर चालणारं) तयार मॉड्यूल. कोणता घ्यावा आणि काहून, हे हिशेबासकट कोणी सांगेल का?

सोल्डरधूर (अमरावती)

हिशेबापासूनच सुरू करू, म्हणजे अर्धे पर्याय आपोआप गळतात.

४ ओमवर २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट नाही, २ वॅट. त्यामुळे खरी संवेदनशीलता १ वॅटला ८३ डेसिबल. उंच पॅनेलचा आवाज साध्या स्पीकरइतका झपाट्याने विरत नाही. अंतर दुप्पट झालं की साधारण ३ डेसिबल उतरतो, ६ नाही. म्हणजे ३ मीटरवर ५ डेसिबल वजा. दोन पॅनेल मिळून ३ परत मिळतात. खुर्चीपाशी प्रत्येकी १ वॅटला ८१ डेसिबल पडले. पखवाजाची थाप सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उडी मारते, म्हणजे ८५ च्या पातळीवर ऐकायचं तर शिखर १०० ते १०५ लागतं. १०० ला ८० वॅट, १०५ ला २५० वॅट, दोन्ही ४ ओमवर, प्रत्येक चॅनेलला. ८ वॅटचा ३००बी ९० डेसिबललाच संपतो. गाणं चालेल, थाप चपटी होईल. तो पर्याय सोडा.

आता मुद्द्याचं. हे स्पीकर अवघड का म्हणतात, ते नीट समजून घ्या. मॅग्नेपॅनचा भार बहुतांशी साध्या रेझिस्टरसारखा आहे, क्रॉसओव्हरपाशी (आवाज पॅनेल आणि ट्विटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटपाशी) थोडं वरखाली सोडलं तर. कोनवाल्या स्पीकरमध्ये रेझोनन्सपाशी (कोन आपसूक जोरात हलतो त्या वारंवारितेपाशी) इंपीडन्स २०-३० ओमवर चढतो, तिथे अँपला दम खायला मिळतो. इथे तो मिळत नाही. खालपासून वरपर्यंत करंट मागतच राहतो. २०० वॅट ४ ओमवर म्हणजे ७ अँपिअर आरएमएस (परिणामी सरासरी), शिखर १० अँपिअर. म्हणून माहितीपत्रकातला ८ ओमचा आकडा बाजूला ठेवा आणि ४ ओमवर वॅट दुपटीच्या जवळ जातात का ते बघा. ८ ला १०० आणि ४ ला १९०, हा अँप चांगला. ८ ला १०० आणि ४ ला १२० असेल तर ट्रान्सफॉर्मर लहान आहे किंवा करंट लिमिट लवकर पकडतं. २ ओमवर स्थिर आहे असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त घ्या.

क्लास ए चा ५० वॅटचा आकडा ८ ओमचा असतो. तेवढ्याच बायसवर (बिनसिग्नल वाहणाऱ्या करंटवर) ४ ओमवर तो २५ वॅटपर्यंतच क्लास ए मध्ये राहतो. आणि गाणं लागलेलं नसतानाही दोन्ही चॅनेल मिळून किमान २३५ वॅटची उष्णता सोडतो. ४२ अंशांच्या खोलीत ही शेगडी पेटवू नका.

राहिले एबी आणि डी. दोन्ही चालतात. तुमची लाईन पाहता निर्णय पॉवर सप्लायवर ठरेल.

डीपीखाली (दारव्हा)

भाऊ, अँपचं मंग पाह्यजा, पहिले लाईनचं करा. १७५ न् २५५ मोजले ते ठीक, पण खरा धोका मोजून दिसत नाई. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) येनारा न्यूट्रल तुटला का घरात ३५०-४०० व्होल्ट येतात. वारं-वादळ झालं, जंपर जळाला, झालं. त्यात टीव्ही जातो तसा अँप जातो, आन् अँप जाताजाता स्पीकर घेऊन जातो.

सर्वो स्टॅबिलायझर यात वाचवत नाई. त्याची मोटर फिरेपर्यंत सारं जळून जाते. एमओव्हीवाला (जादा व्होल्टेज शोषनारा तुकडा असलेला) स्पाइक बोर्डही नाई, एमओव्ही दोन-चार सेकंदांत फुटते. लागते ते ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, मेन बोर्डातल्या डीन रेल पट्टीवर बसते ते. मीटरनंतर लगेच. वरची हद्द २६५, खालची १६५, परत चालू व्हायला ३ मिनिटांचा उशीर. लाईन येते-जाते-येते करते तेव्हा हा उशीरच कामाचा.

त्याच्या पुढं सर्वो, २ केव्हीए, इनपुट १४० ते २८०. रिलेवाला (चुंबकी स्विचवाला) स्टॅबिलायझर घेऊ नका. टप्प्याटप्प्यानं व्होल्टेज बदलते, दर टप्प्याले रिले वाजते आन् तो टिकटिकाट स्पीकरमधून ऐकू येते. सर्वोचा कार्बन ब्रश वर्षातून एकदा साफ करजा.

अर्थिंग: काळी माती हाये म्हणून बेफिकीर राहू नका. पावसाळ्यात मस्त, एप्रिलमध्ये जमिनीले भेगा पडतात आन् माती पाइप सोडून देते. जीआय पाइप ८-१० फूट खोल, भोवती कोळसा-मीठ, उन्हाळ्यात आठवड्याले दोन बादल्या पाणी. न्यूट्रल-अर्थमध्ये ३ व्होल्टच्या आत पाह्यजे. हम (घूं आवाज) येते म्हणून अँपची अर्थ पिन कधीच काढू नका.

पळसपान

दोघांचेही आभार. प्रोटेक्टर आणि सर्वो नक्की.

कारागिराने एबी साठी हे सांगितलं आहे: ३०-०-३० टोरॉइड (गोल ट्रान्सफॉर्मर) ५०० व्हीए, दोन्ही चॅनेलला एकच सप्लाय, ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे ४ कॅपॅसिटर, चॅनेलला सी५२००/ए१९४३ ट्रान्झिस्टरच्या दोन जोड्या, यूपीसी१२३७ चिपचा प्रोटेक्शन बोर्ड १० अँपिअर रिलेसकट. “२०० वॅट आरामात” म्हणतो. बरोबर आहे का?

सोल्डरधूर

२०० होत नाही. ३०-०-३० ची रेल (सप्लायचं डीसी व्होल्टेज) लोडवर ३७ व्होल्टच्या आसपास बसते. ट्रान्झिस्टर आणि ड्रायव्हर ५ खातात, उरले ३२ शिखर. ४ ओमवर १२८ वॅट. सर्वो नसताना संध्याकाळी १७५ व्होल्टला तोच अँप सत्तर वॅटच्या आसपास क्लिप होतो, म्हणजे आवाजाच्या लाटेचा माथा कापला जातो. लोक म्हणतात “संध्याकाळी आवाजात जान नसते”, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

बदल असे सुचवतो.

ट्रान्सफॉर्मर ३५-०-३५, ८०० व्हीए. रेल लोडवर ४५, शिखर ४०, म्हणजे २०० वॅट. शक्य असेल तर चॅनेलला वेगळा ४००-४०० व्हीए. ब्रिज (एसीचं डीसी करणारा) ३५ अँपिअरचा, चेसिसला पेस्ट लावून घट्ट.

कॅपॅसिटर: आता सांगितल्यात रेलला ९४०० मायक्रोफॅरडच येतात. दोन्ही चॅनेल जोरात वाजले की रेलवर ५ व्होल्टांच्या वर खड्डा पडतो, आणि क्लिपिंग त्या खड्ड्याच्या तळाशी होतं. रेलला ३०,००० ठेवा, खड्डा २ च्या आत येईल. आणि ५० व्होल्टचा कॅपॅसिटर अजिबात नको. ३५-०-३५ ची बिनलोड रेल ५१ असते, लाईन २५५ झाली की ५६ पार. ६३ चा चालतो पण काठावर. ८० व्होल्ट, १०५ अंशवाला घ्या.

ट्रान्झिस्टर: दोन जोड्या कागदावर पुरतात हे खरं आहे. पण २ ओमवर शिखर करंट २० अँपिअर जातो, दोन जोड्यांत प्रत्येकी १०. तिथे ट्रान्झिस्टरचा गेन (करंट वाढवण्याची ताकद) कोसळतो आणि ड्रायव्हरवर ताण येतो. चार जोड्या केल्या की प्रत्येकी ५, शिवाय उष्णता हीटसिंकवर पसरते. एमजेएल३२८१ए/एमजेएल१३०२ए मिळाले तर तेच. त्यांचे २०० वॅट हे केस (ट्रान्झिस्टरचं बाहेरचं अंग) २५ अंशाला असताना. केस ७५ ला गेली की सव्वाशेच्या आसपास उरतात. विदर्भात केस ७५ ला जातेच. सी५२०० बाजारात नकली फार आहेत: छपाई झकास, आत चिप निम्म्या आकाराची. अधिकृत वितरकाचं बिल मागा, शंका असेल तर लॉटमधला एक फोडून बघा.

हीटसिंक चॅनेलला ०.३ अंश प्रति वॅट. बायस जोडीला ५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.२२ ओमच्या एमिटर रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट. हा बायस तासभर गरम झाल्यावर, जमल्यास उन्हाळ्याच्या दुपारी लावा. डिसेंबरमध्ये लावलेला बायस मे मध्ये चढतो. हीटसिंकवर ८० अंशाचा थर्मोस्टॅट स्क्रूने बसवा, तो मेन्स तोडेल.

आणि प्रोटेक्शन बोर्ड, याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ४५ व्होल्ट डीसी थेट स्पीकरवर, ११ अँपिअर. रिले सुटते, पण डीसीची ठिणगी संपर्कांमध्ये विझत नाही. साधी रिले ३० व्होल्ट डीसीपर्यंतचीच असते. ठिणगी पेटलेली राहते, संपर्क चिकटतात, आणि रिले “चालली” असूनही बेस पॅनेल जळतं. क्रॉसओव्हरमुळे हा डीसी सहसा ट्विटरपर्यंत पोचत नाही, मार खातं बेस पॅनेल. उपाय सोपा आहे: स्पीकरची तार रिलेच्या मधल्या टोकाला, अँप एनओ ला (एरवी उघडं टोक), आणि एनसी टोक (एरवी जोडलेलं) ग्राउंडला. आता ठिणगी स्पीकरमधून न जाता ग्राउंडला जाते आणि रेलचा फ्यूज उडवते. बहुतेक तयार बोर्डांवर एनसी मोकळं सोडलेलं असतं, तुम्ही एक तार टाकली की झालं. रिले ३० अँपिअरची घ्या. मॉसफेटवाली (संपर्कांऐवजी ट्रान्झिस्टरने तोडणारी) मिळाली तर आणखी बरं.

वाइंडिंग_टेबल (नागपूर)

वरचं सगळं बरोबर. माझा कौल मात्र क्लास डी ला, एवढ्याच कारणाने की बनवून घेतलेल्या अँपमध्ये इतक्या जागी चूक होऊ शकते. हायपेक्स कंपनीचं एनसी५०२एमपी मॉड्यूल ४ ओमला ५०० वॅट चॅनेलला देतं, एनसी२५२एमपी २५० देतं, आणि दोन्हींमध्ये सप्लाय त्याच बोर्डवर आहे. खोलीत उष्णता किरकोळ. डीसी संरक्षण आतच. सप्लाय किती व्होल्टपर्यंत खाली चालतो ते डेटाशीटमध्ये वाचा, पण सर्वो असेल तर प्रश्न येत नाही. प्युरिफायचं १ईटी४००ए सुद्धा याच वर्गातलं, करंटची मर्यादा २५ अँपिअर.

ट्यूबबद्दल एक दुरुस्ती. ३००बी नको हे ठीक, पण केटी८८ ट्यूबच्या जोडीचा (पुश-पुल) ६० वॅटचा अँप ४ ओम टॅपवर (आउटपुटच्या ४ ओमच्या टोकावर) या स्पीकरला चांगला वाजतो. भार सपाट असल्याने ट्यूबच्या जास्त आउटपुट इंपीडन्समुळे टोन वाकत नाही. कोनवाल्या स्पीकरवर वाकतो. आवाजाची हद्द मात्र शंभरच्या अलीकडेच.

हे सगळं ४ ओमसाठी. उद्या कोणी अपोजी सिंटिला ही जुनी रिबन स्पीकरची जोडी स्वस्तात दाखवली तर हा हिशेब तिथे लावू नका. ती १ ओमवर जोडता येते, आणि तिथे १०० वॅटलाच १० अँपिअर आरएमएस लागतात. त्या काळी क्रेल कंपनीचे अवजड अँप तिला लावत, ते याच कारणाने.

तार: ४ चौरस मिमी तांब्याची लवचिक घरगुती वायर पुरे, ५ मीटरपर्यंत. जाऊन-येऊन ०.०५ ओम. महागड्या केबलचे पैसे सर्वोत घाला.

पळसपान

एबी बनवून घेतला तर स्पीकरला जोडण्याआधी काय काय तपासू?

सोल्डरधूर

पहिला झटका १०० वॅटच्या पिवळ्या बल्बमधून, सिरीजमध्ये. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर पुढे. पेटलेलाच राहिला तर बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. मग इनपुट शॉर्ट करून आउटपुटवर डीसी ऑफसेट (नको असलेलं डीसी व्होल्टेज) बघा, मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर. २० च्या आत हवा, गार असताना आणि तासाभराने गरम असतानाही. ५० च्या वर असेल तर कारागिराकडे परत.

त्यानंतर ४ ओम २०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर भार म्हणून लावा, बादलीभर पाण्यात नाही, उघड्यावर विटेवर ठेवून. ऑसिलोस्कोप मिळाला तर बिनसिग्नलचं आउटपुट बघा. ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर अँप गुणगुणत असेल तर रिबन काही मिनिटांत तापून सैल पडतो, आणि कानाला काहीच कळत नाही. हीटसिंक बिनसिग्नल कारण नसताना गरम होत असेल तर हाच संशय. चालू-बंद करताना धप्प आवाज येतो का ते जुन्या, टाकाऊ स्पीकरवर दहा वेळा करून बघा.

मॅग्नेपॅनच्या मागचा ट्विटरचा फ्यूज मॅन्युअलमध्ये छापलेल्या आकड्याचाच. उडाला म्हणून मोठा टाकायचा नाही आणि चांदीचा कागद तर नाहीच. ट्रेबल टोचला तर सोबत येणारा १ ओमचा रेझिस्टर स्पीकरमागच्या जंपरच्या (जोडपट्टीच्या) जागी लावा.

डीपीखाली

दोन गोष्टी राहिल्या. अँपच्या झरोक्यांवर आतून ३ मिमीची जाळी लावजा. पाल आत शिरते, ट्रान्सफॉर्मरच्या गरमाईले बसते, आन् बोर्डाच्या ट्रॅकवर आडवी झाली का मेन्स शॉर्ट.

आन् डेझर्ट कूलरची हवा पॅनेलवर सरळ येऊ देऊ नका. रिबन काही मायक्रॉन जाडीचा, तो ताणल्या जाते, आन् ओल्या हवेनं चुंबकाले गंज. कूलर बाजूच्या खिडकीत, झोत खुर्चीकडं. खिडकीतलं थेट ऊनही पॅनेलवर नको, त्यानं पॅनेलचा गोंद सुटते. धूळ झटकायले ब्लोअर कधीच नाई, कापडावरून मऊ ब्रश, तोही ट्विटरची जागा सोडून. घरामागं वेल्डिंग-ग्राइंडरचं काम निघालं तर त्या दिवशी पॅनेल चादरीत गुंडाळून ठेवजा, लोखंडाचा कीस चुंबकाले चिकटला का निघत नाई.