अनुभव धागा : फोटोसाठी जनावराच्या जवळ गेलात तेव्हा काय झालं?

परवा आमच्याकडे, ब्रह्मपुरीच्या बाजूला, धानाच्या बांधीत वाघीण बसलेली दिसली आणि अर्ध्या तासात धुऱ्यावर दीडदोनशे माणूस, सगळ्यांच्या हातात मोबाइल. माझा पुतण्या सगळ्यात पुढे. घरी येऊन व्हिडिओ दाखवतो आणि म्हणते, काका, लय दूर होती. मी जागा पाहून आलो, चाळीस पावलं पण नव्हती. मोबाइलची लेन्स वाइड, जनावर स्क्रीनवर बारीक दिसते, म्हणून माणूस पुढं पुढं सरकत जाते. ती उठून नाल्याकडे गेली म्हणून निभलं. मला रात्रभर झोप नाही. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा, गावच्या ग्रुपवर पोट्ट्यांना वाचायला टाकतो.

—

भाऊ, मी पांढरकवड्याकडचा. माझ्या चुलतभावाला कापूस वेचताना पऱ्हाटीच्या तासात साप दिसला, त्याला वाटलं अजगराचं पिल्लू. होती घोणस. कुकरची वाफ सुटते तसा तिचा आवाज व्हिडिओत स्पष्ट ऐकू येते, आणि हा "पाह्य कशी फुसफुसते" म्हणत मोबाइल अजून खाली नेते. अंगठ्याला डसली. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त, मग किडनीवर गेलं, चार वेळा डायलिसिस करावं लागलं. अजून एक सांगतो, डॉक्टरला दाखवायला सापाचा फोटो लागतेच असं समजून बरेच जण सापामागं जातात. नाही लागत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर आपल्याकडे इंजेक्शन एकच आहे. फोटोत वेळ घालवू नका, गाडी काढा.

—

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात. एप्रिलमध्ये पहाटे मी आणि सासूबाई मोहफूल वेचायला गेलो, सोबत शहरातून आलेला भाचा. अस्वल झाडाखाली खाली मुंडी घालून मोहफूल खात होतं. अस्वलाला नजर कमी, खाण्यात असलं की त्याला माणूस लवकर कळत नाही, आणि कळलं की ते दचकून सरळ अंगावर येते. सासूबाई हळूच मागं सरकायची खूण करत होत्या, भाच्याने फ्लॅश मारला. तो पळाला, सासूबाईंना पळता आलं नाही. कपाळापासून कानामागपर्यंत कातडी सोलली होती. टोपलं तिथंच सांडलेलं. त्या वाचल्या, पण आता एका डोळ्यानं दिसत नाही आणि मोहफुलाच्या दिवसांत त्या अंगणातच बसून राहतात.

—

जंगली कशाला, आमच्या गोठ्यातली गाय, लहानपणापासून हाताची, व्यायली त्याच दिवशी मुलगी वासराजवळ सेल्फी काढायला बसली. दोन बरगड्या.

—

मी गावच्या पथकात आहे, वाघ-बिबट गावात आला की वनखात्याच्या लोकांसोबत आम्हीच गर्दी मागं सारतो. मागच्या पावसाळ्यात बिबट गोठ्यात शिरला, निघायला दार एकच, आणि दारासमोर मोबाइल धरलेले पन्नास जण. तो घाबरलेला होता हो, कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, कान मागं दबलेले. मी ओरडून घसा फोडला. कोणीतरी खिडकीतून लाइट मारला आणि तो लोकांवरूनच निघाला, तिघांना टाके पडले. वाट मोकळी असती तर अंधार पडल्यावर गुपचूप गेला असता. असं काही दिसलं तर आधी 1926 लावा, वनखात्याचा नंबर आहे. आणि काका, ती वाघीण बसली होती त्या बांधीत दोनचार दिवस कोणी एकटं निंदायला जाऊ नका, पिल्लं असू शकतात.