रास मेंगेशा सेयूम : आणखी थोडं

इथिओपियाचे वंशपरंपरागत सुभेदार सगळे ऐतखाऊ होते, असं या चर्चेत कुणी म्हटलं, ते मला पटत नाही. उत्तर इथिओपियातल्या तिग्रे प्रांताचे रास (सरदारकीचा किताब) मेंगेशा सेयूम पाहा. इथिओपियाचे सम्राट योहानिस चौथे यांचे पणतू. १९६० च्या फसलेल्या बंडात वडील रास सेयूम मारले गेले आणि कारभार यांच्याकडे आला. हा माणूस रस्त्याच्या कामावर मजुरांसोबत स्वतः राबायचा! शेतकऱ्यांवरचा सरंजामी बोजा खराच, तो नाकारत नाही. १९७४ मध्ये दर्गने, म्हणजे सत्ता घेतलेल्या लष्करी गटाने, अदिस अबाबाला बोलावलं, तर हे डोंगरात निघून गेले आणि दर्गविरुद्धच्या लढ्यात उतरले. पत्नी आयदा देस्ता, शेवटचे सम्राट हैले सेलासी यांची नात, मात्र वर्षानुवर्षं तुरुंगात होत्या. त्यांच्याबद्दल या चर्चेत कुणीच लिहिलं नाही, याचं वाईट वाटलं.