मदत हवी आहे: बीबरच्या पार्टितेसाठी तातेच्या तारांची जाडी

नमस्कार. आमचा नेदरलँड्समधला हौशी गट बीबर या सतराव्या शतकातल्या संगीतकाराच्या 'हार्मोनिया आर्टिफिचिओसो-आरिओसा' (1696) मधली तिसरी पार्टिता (छोट्या रचनांची माळ) बसवतोय: दोन बरोक व्हायोलिन (तातेच्या, म्हणजे आतड्यापासून बनवलेल्या तारांची), चेलो, हार्पसिकॉर्ड, ला स्वर 415 हर्ट्झ. ही रचना फार कमी ऐकायला मिळते आणि काय सुंदर आहे!

दोन्ही व्हायोलिन नेहमीच्या सोल-रे-ला-मी ऐवजी ला-मी-ला-मी अशी लावायची, म्हणजे खालच्या दोन तारा एकेक पूर्ण स्वर वर. नेहमीच्या तारा तशाच चढवून पाहिल्या. ताण सव्वापटीहून वाढतो. सोलची तार घुसमटल्यासारखी वाजते आणि घोडीवरचा दाब वाढल्यामुळे वरच्या तारा उतरत राहतात. आदल्या रात्री लावून ठेवलं की बरंच स्थिरावतं. खुंट्या नीट धरतात, त्यांना खडू-साबण लावून झालंय.

अडचण अशी की लगेच पुढे सहावी पार्टिता आहे, तारांच्या नेहमीच्या जुळणीतली. प्रत्येकी एकच वाद्य, दुसरं भाड्याने घेणं परवडणारं नाही. स्टील किंवा सिंथेटिक तारा नकोत. मध्यंतर साधारण वीस मिनिटांचं.

हिशेबाने ताण तोच ठेवायचा तर सोलची तार सुमारे 11 टक्के बारीक हवी, 1.20 ऐवजी 1.07 मिमी. पण ती सहाव्या पार्टितेत सैल पडेल. अशा कार्यक्रमात कुणी वाजवलं असेल तर सांगा: मधली जाडी, समजा 1.14, दोन्हीकडे चालते का? की मध्यंतरात तारच बदलावी, आणि बदललेली तात तेवढ्या वेळात सुरात टिकते का?