घरच्या नेटवर तुमच्याकडे कोण शिरलं होतं?

रानजाई:
आज माळा आवरताना जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट सापडलं आणि ऑगस्ट २००३ आठवला. तेव्हा आम्ही डोंबिवलीत. केबलवाल्याची वायर खिडकीतून थेट लॅन कार्डात, मध्ये राउटर वगैरे काही नाही. बाबा सोसायटीचा हिशोब टाइप करत होते आणि अचानक चौकट: ६० सेकंदांत सिस्टिम बंद. ५९, ५८... बाबा नुसते "सेव्ह कर, सेव्ह कर" म्हणत होते. ब्लास्टर वर्म, म्हणजे नेटवरून आपणहून शिरणारा व्हायरस! ना मेल उघडली होती, ना कुणाची सीडी घातली होती. फॉरमॅट मारला, अपडेटसाठी वायर लावली, तर अपडेट उतरायच्या आत चौकट परत हजर. शेवटी दादाच्या मित्राने फोनवर सांगितलं, आधी वायर काढ, फायरवॉल (बाहेरून शिरणाऱ्याला अडवणारी सोय) चालू कर, मग लाव. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद असायची. २००४ मध्ये दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे मोठा अपडेट, आला तेव्हा कुठे ती आपोआप चालू मिळायला लागली. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

घाटमाथा:
स्टार्ट, रन, शटडाऊन स्पेस डॅश ए! बोटांना अजून पाठ आहे. त्या कमांडने चौकट जायची, तेवढ्यात पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, उतरवायचा. पॅच जुलैतच आलेला, आम्हाला पत्ताच नव्हता.

शेवंती:
केबलच्या नेटवर अख्खी बिल्डिंग एकाच लॅनवर. नेटवर्क उघडलं की घराघरांतले कॉम्प्युटर दिसायचे. वरच्या काकांची डी ड्राइव्ह सताड उघडी. लेकीच्या लग्नाचे फोटो, एफडींची यादी, सगळं. जाऊन सांगितलं, तर काकांनी वायर उपटली ती दोन दिवस लावलीच नाही.

पिंपळपान:
डोंबिवलीत कुठे? आम्ही फडके रोडच्या मागे. पाऊस आला की नेट गेलंच.

रानजाई:
रामनगर. आमच्या गच्चीतला स्विच भिजायचा.

कोरडवाहू:
आमचं डायल-अप. भावाने कसलंतरी सॉफ्टवेअर उतरवलं, तो डायलर निघाला. मोडेम आपलं कनेक्शन तोडून परदेशातला नंबर फिरवायचा. बिल बघून वडील पायरीवरच बसले. तेव्हापासून फोनला आयएसडी लॉक.

मोगरा:
कुकर लावलाय, घाईत लिहिते. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने क्रॅक केलेलं फोटोचं सॉफ्टवेअर टाकलं. सकाळी सगळ्या फायलींच्या नावाला भलतंच शेपूट आणि फोल्डरा-फोल्डरात पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क होती हो, पण कायम जोडलेली, तीही गेली. लेकीचे पहिल्या वर्षाचे फोटो. आजीला व्हॉट्सॲपवर पाठवलेले अकरा तेवढे उरले.

शेवंती:
मोगरा, पोटात कालवलं गं. ती डिस्क टाकू नकोस. अशा व्हायरसच्या काही प्रकारांची फायली उघडणारी किल्ली पुढे सापडते, त्या किल्ल्या मिळतात त्या नो मोअर रॅन्समच्या साइटवर बघत राहा.

मोगरा:
ठेवलीये. कपाटात, साड्यांच्या खाली.

कडुनिंब:
सासऱ्यांच्या स्क्रीनवर 'व्हायरस सापडला' आणि खाली नंबर. त्यांनी फोन केला, पलीकडच्याने एक ॲप टाकायला लावलं. माऊस आपोआप हलायला लागला तशी सासूबाईंनी घराचा मेन स्विचच पाडला. वाचलो. पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा, तासभरही थांबू नका.

घाटमाथा:
सासूबाईंना साष्टांग नमस्कार!

पिंपळपान:
आमच्या राउटरचं लॉगिन परवापर्यंत ॲडमिन-ॲडमिन, आणि वायफायचा पासवर्ड म्हणजे जोडून देणाऱ्या पोराने टाकलेला आमचाच मोबाइल नंबर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ या राउटरच्या पत्त्यावर जाऊन दोन्ही बदलले.

रानजाई:
आईकडेही नक्की हेच असणार. फोन लावलाय, राउटरखालचा स्टिकर वाच म्हटलं. थांबा, चष्मा शोधतेय ती.