कलादालनाच्या वर्धापनाला नवी कामे कशासाठी? (केमोल्डची चाळीस, पन्नास आणि साठ वर्षे)

वारणाकाठ यांनी विचारले:

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका छोट्या कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवतो. पुढच्या वर्षी आमच्या महाविद्यालयाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्तच्या प्रदर्शनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. संस्थापकांच्या तसबिरी, जुन्या विद्यार्थ्यांची पारितोषिक मिळवलेली चित्रे आणि एक स्मरणिका, असा आराखडा समितीने जवळजवळ नक्की केला आहे. त्यात वावगे काही नाही, पण मन भरत नाही, म्हणून कलेशी संबंधित इतर संस्थांनी असे प्रसंग कसे साजरे केले हे मी शोधू लागलो आणि मुंबईच्या केमोल्ड या कलादालनापाशी येऊन थांबलो.

केकू आणि खोर्शेद गांधी या दांपत्याने 1963 मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर हे दालन सुरू केले. 1988 पासून त्यांची कन्या शिरीन गांधी ते चालवतात, आणि 2007 मध्ये ते फोर्टमधील प्रिस्कॉट रोडवरच्या मोठ्या जागेत गेले. त्यांची चाळीस वर्षे 2003 मध्ये, पन्नास वर्षे 2013-14 मध्ये आणि साठ वर्षे 2023 मध्ये साजरी झाली. या तिन्ही वेळी जुन्या वैभवाचे दर्शन घडवण्यापेक्षा आजच्या चित्रकारांच्या कामांवर आणि ती कामे मांडण्याच्या नव्या विचारावर भर दिसतो. पन्नाशीला तर समीक्षक गीता कपूर यांनी एकामागून एक अशी पाच प्रदर्शने रचली होती.

माझी अडचण अशी आहे की, ज्या संस्थेपाशी हुसेन, तय्यब मेहता, भूपेन खक्कर या चित्रकारांच्या पिढीच्या आठवणी आहेत, तिने आपल्या वाढदिवशी इतिहास मागे ठेवून नव्या कामांना पुढे का आणावे? ही केवळ विक्रीची सोय आहे, की यामागे काही विचार आहे? आणि तो विचार आमच्यासारख्या, काहीही न विकणाऱ्या संस्थेला लागू पडतो का? ज्यांनी ही प्रदर्शने पाहिली आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

---

जहांगीरची पायरी यांचा प्रतिसाद:

वारणाकाठ, आपला प्रश्न मला जवळचा आहे, कारण माझे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात झाले आणि त्या वर्षांत आठवड्यातून एकदा तरी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावरचा तो जिना मी चढत असे. खाली जहांगीरची मोठी दालने आणि तिथल्या समोवार उपाहारगृहातली गर्दी, आणि वर ही लहानशी खोली. त्या खोलीत पाहिलेल्या एका प्रदर्शनाविषयी आधी लिहितो, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल.

जानेवारी 1992 मध्ये चित्रकार नलिनी मालानी यांनी तिथे 'सिटी ऑफ डिझायर्स' हे काम केले. भिंतीवर एकही चौकट टांगलेली नव्हती, कारण त्यांनी थेट भिंतींवरच रेखाटले होते. राजस्थानातील नाथद्वारा येथील जुनी भित्तिचित्रे हेळसांडीमुळे नष्ट होत आहेत, ही वेदना त्या कामामागे होती. प्रदर्शन पंधरा दिवस चालले आणि त्यानंतर त्या भिंतींना पांढरा रंग दिला गेला. मी दोनदा पाहून आलो होतो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा भिंती कोऱ्या होत्या. त्या कोऱ्या भिंतींसमोर मी बराच वेळ उभा राहिलो होतो, आणि आजही डोळे मिटले की चित्रांपेक्षा त्या भिंती आधी आठवतात.

आता मला सांगा, अशा दालनाने आपल्या वर्धापनाला 'इतिहास' म्हणून नेमके काय काढून दाखवावे? विकल्या न जाणाऱ्या, टिकणारही नसलेल्या त्या कामाला जागा देणे ही माझ्या मते केमोल्डच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे, आणि नेमकी तीच गोष्ट चुन्याखाली गेली आहे. जी चित्रे टिकली ती लोकांच्या घरांत, कार्यालयांत आणि संग्रहालयांत पोहोचली. संग्रहालय आणि कलादालन यांच्यातला भेद इथे आहे. संग्रहालय वस्तू सांभाळून ठेवते, म्हणून त्याला आपली पन्नास वर्षे भांडारातून बाहेर काढता येतात. कलादालनाचे कामच चित्र हातावेगळे करणे हे असल्यामुळे पन्नास वर्षांनंतर त्याच्यापाशी उरतात ते चित्रकारांशी जुळलेले संबंध, पत्रव्यवहार, निमंत्रणपत्रिका, छायाचित्रे आणि पाहणाऱ्यांची स्मृती. ते संबंध जिवंत आहेत हे दाखवण्याचा त्याच्यापुढचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे त्या चित्रकारांना 'आता काय करता आहात?' असे विचारणे.

म्हणूनच चाळिशीचा प्रसंग मला लक्षात राहिला. 'क्रॉसिंग जनरेशन्स: डायव्हर्ज' हे 2003 मधील प्रदर्शन गीता कपूर आणि चैतन्य संब्राणी यांनी रचले, आणि ते दालनाच्या स्वतःच्या जागेत न होता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतील वास्तूत झाले. अनेक पिढ्या एकत्र मांडायच्या तर त्या लहान खोलीत ते शक्यच नव्हते. कावसजी जहांगीर सभागृहाचे रूपांतर होऊन 1996 मध्ये हे संग्रहालय सुरू झाले, त्यामागे केकू गांधी यांचेही प्रयत्न होते, त्यामुळे त्या जागेचे औचित्य अधिकच होते.

पन्नाशीच्या पाच प्रदर्शनांना 'एस्थेटिक बाइंड' असे एकत्रित नाव होते आणि ती सप्टेंबर 2013 ते एप्रिल 2014 या काळात प्रिस्कॉट रोडवर झाली. केकू गांधी 2012 च्या नोव्हेंबरमध्ये गेले होते. अशा वेळी पहिल्या प्रदर्शनाचा विषय मृत्यू हा असावा, आणि त्यात दहा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या भूपेन खक्कर यांची आठवण मध्यवर्ती असावी, याचा माझ्यावर खोल परिणाम झाला. वर्धापनदिनी मृत्यूपासून सुरुवात करायला धैर्य लागते. दुसऱ्या प्रदर्शनात कलावंताकडे नागरिक म्हणून पाहिले होते. उरलेल्या तीनपैकी दोन मला पाहता आली नाहीत, त्यामुळे त्यांवर लिहीत नाही. इतिहास तिथे होताच, पण तो कालक्रमाने रांगेत उभा केलेला नव्हता. जुने काम नव्या कामाला प्रश्न विचारत होते आणि नवे काम त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न करत होते. गीता कपूर यांच्यासारखी, त्या चित्रकारांबरोबर कित्येक दशके विचार करत आलेली समीक्षक असल्याशिवाय हे साधले नसते, हेही तितकेच खरे आहे.

साठाव्या वर्षी शालीन वाधवाना यांनी रचलेल्या प्रदर्शनाच्या नावात 'फ्रेमिंग फ्यूचर आर्काइव्ह्ज' असे शब्द होते. दालनाचे जुने दप्तर हाच तिथे विचाराचा विषय होता. आपल्या महाविद्यालयातही जुनी हजेरीपत्रके, परीक्षेचे कागद आणि सहलींची छायाचित्रे कपाटात पडून असतील. ती काचेखाली ठेवण्याआधी आजच्या विद्यार्थ्यांच्या हातात द्यावीत आणि त्यातून त्यांना काय करावेसे वाटते ते पाहावे, असे मी सुचवेन.

---

कोकणकडा यांचा प्रतिसाद:

वरील प्रतिसाद मनापासून लिहिलेला आहे आणि मालानी यांच्या भिंतींविषयी वाचून मीही क्षणभर थांबलो. तरीही एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

खासगी कलादालन हा व्यवसाय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही; पण वर्धापनाचे नवे काम कोणाकडून येते, हे पाहिले पाहिजे. बहुधा ते दालनाशी आधीपासून जोडलेल्या, नाव झालेल्या चित्रकारांकडून येते. ज्यांचे एकच प्रदर्शन झाले आणि नंतर ज्यांनी ब्रश खाली ठेवला, शाळेत नोकरी धरली किंवा गावी परतले, ते या सोहळ्यांत क्वचितच दिसतात. हे कोणत्याही एका दालनाला उद्देशून मी म्हणत नाही, कारण सर्वत्र रीत हीच आहे. संबंध जिवंत असल्याचे दाखवायचे असेल, तर तुटलेले संबंधही त्या इतिहासाचा भाग आहेत.

याच संदर्भात केमोल्डचे एक काम मला फार मोठे वाटते आणि त्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे 1970 च्या दशकाच्या मध्यात याच दालनात लागली होती. लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक (लग्नविधीचे चित्र) लिहिण्याचे काम वारली समाजात सवासिनींचे. म्हशे यांनी ते विधीच्या बाहेर, स्वतःच्या इच्छेने आणि रोज करायला सुरुवात केली. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचे वेगळेपण ओळखले आणि पुढे मुंबईच्या दालनात, शहरी चित्रकारांच्या बरोबरीने, एक चित्रकार म्हणून त्यांचे नाव लागले. 'आदिवासी कला' हस्तकलेच्या दुकानात ठेवण्याची सवय असलेल्या काळात ही घटना कोणत्याही मांडणशिल्पाइतकी (जागेतच वस्तू मांडून उभारलेल्या कलाकृतीइतकी) नवी होती. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले.

म्हणून 'नवे काम' याचा अर्थ केवळ यंदा केलेले काम असा घेऊ नये. वारणाकाठ, आपण प्रथितयश माजी विद्यार्थ्यांकडून एकेक ताजे चित्र मागवाल तर ते प्रदर्शन नीटनेटके होईल, पण आपल्या पन्नास वर्षांचे होणार नाही. तालुक्यातील फलक रंगवणारे, गणपतीच्या मूर्ती घडवणारे, यात्रेतील पडदे रंगवणारे, असे आपले विद्यार्थी नक्की असतील. त्यांना बोलवा, आणि विद्यार्थी असतानाचे चित्र मागू नका. आज ते हाताने जे करतात ते मागा.

---

पट्टी आणि काच यांचा प्रतिसाद:

मी चित्रकार नाही. आमचा चौकटी करण्याचा पिढीजात व्यवसाय आहे आणि या धाग्यात मी लिहितो आहे ते केवळ 'केमोल्ड' या नावामुळे. हे नाव 'केमिकल मोल्डिंग' यावरून आलेले आहे, आणि 1941 मध्ये केकू गांधी यांनी सुरुवात केली ती चित्रांच्या चौकटींच्या कारखान्याने. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्यांच्या चौकटींच्या दुकानात तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रे लावली जात. पुढे 'प्रोग्रेसिव्ह' हा चित्रकारांचा गट म्हणून गाजलेल्या मंडळींना ज्या काळात दालने नव्हती, त्या काळात चौकटवाल्याच्या दुकानाची भिंत त्यांच्या उपयोगी पडली. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते.

मी स्वतः 2012 मध्ये प्रिस्कॉट रोडवर शकुंतला कुलकर्णी यांचे प्रदर्शन पाहिले. वेताची विणलेली चिलखते होती, अंगावर चढवता येतील अशी, आणि ती घालून काढलेली छायाचित्रे होती. संरक्षण देणारी वस्तूच पिंजरा होते, ही गोष्ट मला तिथे कोणी समजावून सांगावी लागली नाही. वेताचा एकेक सांधा मी वाकून पाहिला. मुख्य म्हणजे त्या चिलखतांना आमच्या कामाची काही गरज नव्हती. चौकटींपासून निघालेला हा व्यवसाय चौकटीत न मावणाऱ्या कामांपर्यंत आला, याचे मला वाईट वाटले नाही, उलट आपल्याच घरातले कोणी दूरवर गेले आहे असे वाटले.

विद्यार्थ्यांना घेऊन जाणार असाल तर एवढे लक्षात ठेवा की, फोर्ट आणि कुलाबा भागातील खासगी दालनांत प्रवेशाला पैसे लागत नाहीत, मात्र बहुतेक दालने रविवारी बंद असतात. दार बंद दिसले तरी ढकलावे किंवा घंटी वाजवावी. खेड्यातून आलेली मुले त्या दारापाशी अवघडून उभी राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आत गेल्यावर कामांची यादी मागून घ्यावी. त्यात माध्यम, आकार आणि वर्ष लिहिलेले असते, आणि कला शिकणाऱ्याला त्यातून पुष्कळ कळते.

---

वारणाकाठ यांचा प्रतिसाद:

तिघांचेही मनापासून आभार. कोकणकडा यांनी सांगितलेली माणसे खरोखरच आमच्याकडे आहेत. आमच्या 1990 च्या आसपासच्या तुकडीतले एक गृहस्थ आजही तालुक्यातील ट्रकांच्या मागच्या फळ्या रंगवतात. त्यांना आजवर कोणत्याही समारंभाला बोलावलेले नाही, आणि मीही कधी बोलावले नाही. उद्याच त्यांच्याकडे जाणार आहे. जुनी हजेरीपत्रके विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची सूचना समितीपुढे ठेवतो. तसबिरी आणि हार राहतीलच, त्याला माझा विरोध नाही.

मालानी यांच्या कामाविषयी वाचल्यापासून आणखी एक गोष्ट मनात आहे. आमच्या रेखाटनाच्या वर्गाच्या तिन्ही भिंतींना दिवाळीच्या सुट्टीत चुना लावायचा ठरले आहे. त्याआधीचे पंधरा दिवस त्या भिंती मुलांना द्याव्यात, त्यांनी कोळशाने हवे ते मोठे काढावे, गावातल्या लोकांनी येऊन पाहावे आणि मग ठरल्याप्रमाणे चुना लागावा, असे वाटते. शिपाईकाकांची शंका एवढीच आहे की, कोळशावर चुना धरेल का?

---

पट्टी आणि काच यांचा प्रतिसाद:

थेट लावला तर धरणार नाही, कोळसा ओल्या चुन्यात मिसळून भिंत करडी होईल. आधी कोरड्या फडक्याने भिंती झटकून घ्या, नंतर ओल्या फडक्याने पुसून एक दिवस वाळू द्या आणि मग दोन हात मारा. झटकण्याचे काम मुलांकडूनच करून घ्या, आणि त्याआधी छायाचित्रे काढायला विसरू नका.