वजनाच्या ऑपरेशननंतरचं ताट, घर आणि आपण : अनुभव धागा

माझं स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं, ऑपरेशन होऊन परवा चौदा महिने झाले. उंची पाच फूट दोन इंच, तेव्हा वजन ११२ किलो, आज ७६. आकडा आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिल्यांदा तोच विचारतात. ऑपरेशनच्या आधी मी ज्या ज्या बायकांना भेटले, फोन केले, त्या प्रत्येकीनं मला किलो सांगितले. घरी आल्यावर काय होतं ते कुणीच सांगितलं नाही. म्हणून हा धागा काढतेय. किलो जरूर लिहा, पण त्याआधी ताटाबद्दल लिहा, घरच्यांबद्दल लिहा, काय बिघडलं ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

चौथ्या दिवशी घरी आले. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर प्लास्टिकचा इवलासा कप असतो ना, त्यात मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी. तीस मिली. ते पंधरा मिनिटांत हळूहळू संपवायचं, मग पुढचा कप. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत हेच. ओट्यावर घड्याळ ठेवलं होतं. एकदा घाईत दोन घोट एकदम घेतले, तर छातीच्या मधोमध असं काही अडकून बसलं की खुर्चीची पाठ धरून उभी राहिले, बोलताही येईना. पाणीसुद्धा नव्यानं प्यायला शिकावं लागलं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, हे तर अजूनही पाळते.

भूक लागतच नव्हती. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, आणि भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. त्यामुळे पोट काही मागत नव्हतं. पण दुपारचा एक वाजला की मी आपोआप स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. वीस वर्षं त्या वेळी ताटं वाढलेली. सासूबाई पोळी लाटता लाटता विचारायच्या, "अगं, अर्धी तरी?" आवाजात नुसती माया. मला नाही म्हणताना रडू यायचं. शेवटी डाएटिशियनकडे त्यांनाच बरोबर घेऊन गेले. ती त्यांना म्हणाली, "आजी, पोळीचं सोडा. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं हिच्या पोटात जातात की नाही, तेवढं तुम्ही बघा." एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. त्या दिवसापासून कालनिर्णयच्या मागच्या बाजूला सासूबाईंचा हिशेब सुरू झाला. आग्रह आजही तेवढाच आहे, फक्त आता तो पनीरचा असतो.

आता तुम्ही लिहा.

नाशिककर, वय ५४, बायपास, २०१९

ताई, चांगला धागा काढलात. मी वजनासाठी कमी आणि शुगरसाठी जास्त गेलो होतो. अकरा वर्षांचा मधुमेह, रोज ४६ युनिट इन्सुलिन. बायपासमध्ये जठराची वरची एक लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. हॉस्पिटलमधून सुटतानाच इन्सुलिन निम्म्यावर आलं आणि तीन महिन्यांत बंद झालं. सर्जननी मला बजावलं होतं, "मधुमेह बरा झाला असं कुणाला सांगू नका, तो शांत झालाय म्हणा." मी ते ऐकलं नाही. गावभर बरा झाला सांगत सुटलो.

पहिला पाडवा. बहिणीनं श्रीखंड केलेलं, दोनच चमचे घेतले. दहा-पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, पोटात मुरडा, आणि मी बाथरूममध्ये. सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. ते डंपिंग होतं. साखर जठरात थांबतच नाही, एकदम आतड्यात उतरते. त्यानंतर गोडाला मी हात लावलेला नाही, आणि बहिणीनं पाडव्याला माझ्यासाठी मसाल्याचं ताक करायची पद्धत पाडली आहे.

पण मला खरं सांगायचंय ते दुसरंच. दोन वर्षं सगळं छान चाललं म्हणून मी गोळ्या सोडल्या. तब्येत ठणठणीत असताना व्हिटॅमिन कशाला, असं वाटायचं. आधी तळपायांना मुंग्या आल्या. मग चप्पल पायातून निसटली तरी कळेना. अंधारात जिना उतरताना तोल जायला लागला. बी-१२ तपासलं तर तळाला गेलेलं. इंजेक्शनं चालू झाली, तोल आला, पण डाव्या पायाच्या बोटांची संवेदना अजून पूर्ण परतलेली नाही. ती माझ्या हलगर्जीपणाची किंमत आहे. बाबांनो, बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभराचं आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये दोन तास अंतर ठेवा. आणि वर्षातून एकदा रक्त तपासा, मग तब्येत कितीही चांगली वाटो.

कोल्हापूरची लेक, वय २९, स्लीव्ह

केसांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तिसऱ्या महिन्यात फणी भरून केस यायला लागले. न्हाणीघराच्या जाळीत रोज मूठभर. माझी वेणी मनगटाएवढी होती ओ, ती करंगळीएवढी झाली. वजन उतरल्याचा आनंद सोडा, आरशासमोर उभं राहवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, झपाट्यानं वजन उतरलं की असं होतंच, प्रथिनं आणि लोह सांभाळा, परत येतील. नवव्या महिन्यात कपाळाजवळ बारीक बारीक कोवळे केस उभे दिसले, तेव्हा आईला आरशाजवळ ओढून दाखवले.

दुसरी गोष्ट. लग्नाला वर्ष झालंय, आणि डॉक्टरांनी दीड वर्ष तरी दिवस जाऊ देऊ नका असं स्पष्ट सांगितलंय, कारण वजन उतरत असताना बाळाला पोषण कमी पडतं. घरी रोज विचारणा होते. ऑपरेशनचं सासरी फक्त नवऱ्याला माहीत आहे. हे ओझं कसं वाहायचं ते कुणी सांगा.

धागा काढणारी

अगं, एकटीनं वाहू नकोस. पुढच्या तपासणीला नवऱ्यालाही घेऊन जा आणि थांबण्याचं कारण डॉक्टरांच्या तोंडून त्याला ऐकू दे. घरच्यांना किती सांगायचं ते मग दोघं मिळून ठरवा. उत्तर त्यानं द्यायचं, तू नाही.

सोलापूर, वय ३८, स्लीव्ह

मला घाबरवायचं नाहीये, पण हे लिहायलाच हवं. सहाव्या दिवशी घरी होते. डाव्या खांद्यात कळ, थोडा ताप. हॉस्पिटलला फोन केला, पलीकडून उत्तर आलं, "गॅस असेल, चाला." मी चालले. रात्री मिस्टरांनी सहज हात धरला आणि म्हणाले, तुझी नाडी फार पळतेय. मोजली, १२४. स्वस्थ पडून असताना १२४. त्यांनी पुन्हा फोन केला नाही, सरळ गाडी काढली. सीटी स्कॅनमध्ये जठराच्या टाक्यांपाशी, अगदी वरच्या टोकाला, गळती निघाली. पुन्हा दुर्बिणीतून आत जावं लागलं, पोटातून नळी बाहेर काढली, आणि पाच आठवडे तोंडानं पाण्याचा थेंब नाही. आतड्यात बसवलेल्या नळीतून अन्न. उन्हाळा होता. शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या दिसायच्या.

मी जगले ती मिस्टरांनी नाडी मोजली म्हणून. गळती क्वचित होते, पण होते. पहिले काही आठवडे घरातल्या एका माणसानं सकाळ-संध्याकाळ नाडी आणि ताप वहीत लिहून ठेवा. स्वस्थ असतानाही नाडी शंभराच्या वर राहिली, तर कुणी फोनवर काहीही म्हणो, उठून जा. आज मी ७१ किलो आहे, बरी आहे.

नागपूर, आईसाठी लिहितोय

ऑपरेशन आईचं, वय ६१. तिला पटवायला २०११ सालची बातमी कामी आली. गडकरी साहेबांनी स्वतःवर हे ऑपरेशन करून घेतल्याचं तिनं तेव्हा पेपरात वाचलं होतं. मेडिक्लेमचा अनुभव सांगतो. सौंदर्यासाठीचं ऑपरेशन म्हणून कंपनीनं पहिल्यांदा नाकारलं. पण विमा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक) ४० किंवा जास्त असेल, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असेल, तर वजनाचं ऑपरेशन सरसकट वगळता येत नाही. आईचा बीएमआय ३८. तिला झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास होता, रात्री मशीन लावून झोपायची. त्या झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट जोडल्यावर क्लेम पास झाला. तेव्हा कागद आधी जमवा, आणि पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी वाचा.

आणि ऑपरेशनच्या वेळी फुप्फुसांच्या व्यायामाला देतात ते तीन चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र! आई दर तासाला ओढायची, दोन चेंडू वर जायचे, तिसरा जागचा हलत नव्हता. ज्या दिवशी तिसरा वर गेला त्या दिवशी तिनं नर्सला बोलावून दाखवला. आता ती मशीनशिवाय झोपते. घरात घोरण्याचा आवाज नाही, तर मलाच रात्री जाग येते आणि मी जाऊन तिचा श्वास बघून येतो.

लेस्टर, यूके

थोडक्यात लिहिते. आठव्या महिन्यात पित्ताशयात खडे झाले, तेही काढावं लागलं. झपाट्यानं वजन उतरताना हा धोका असतो. ते टाळायला काही जणांना पहिले सहा महिने गोळी देतात. आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

डोंबिवली, वय ४७, स्लीव्ह, आठ वर्षं

मी दोनदा लिहून खोडलं. इथे सगळ्यांचं वजन उतरलेलं आहे. माझं परत चढलं.

१३१ होतो. दीड वर्षात ८२. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलो तर शेजारच्याला उठावं लागत नाही, हे सुख मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं. चार वर्षं तसाच राहिलो. मग आई गेली, नोकरी बदलली, रात्रीची शिफ्ट आली. भाकरी आणि चिकन चार घासांत पोट भरवतात, तिथं माझं ऑपरेशन चोख काम करत होतं. पण चहात बुडवलेलं बिस्कीट विरघळून जातं. चिवडा, फरसाण, आइस्क्रीम, कशालाच अडकाव नाही. एका वेळी थोडंच जायचं, पण दर तासाला जायचं. ८८ झालो, ९५ झालो, १०१ झालो.

वजनापेक्षा वाईट काय होतं सांगू? लाज. तीन वर्षं तपासणीला गेलो नाही. ज्या सर्जननी माझे आधीचे-नंतरचे फोटो कौतुकानं भिंतीवर लावले होते, त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं उभं राहणार? पत्नीनं ऑपरेशनसाठी सोनं विकलं होतं. ती कधी एका शब्दानं बोलली नाही, त्यानं तर आणखी मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या वर्षी तिनंच अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांनी वजन बघितलं, फाइल मिटली आणि म्हणाले, "आलात हे फार बरं केलंत." एवढंच. मी त्या खुर्चीत बसून रडलो. मग त्यांनी समजावलं की लठ्ठपणा हा जुनाट आजार आहे, ऑपरेशन हा त्यावरचा एक उपचार, आणि दोन-तीन वर्षांनंतर थोडं वजन परतणं बहुतेकांच्या बाबतीत होतं. दुर्बीण घालून पाहिलं, आत सगळं ठीक होतं. आहार पुन्हा पहिलीपासून शिकलो, समुपदेशकाकडे जातो, आणि मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे जे तिर्झेपाटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाचं आठवड्याचं इंजेक्शन आलं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतोय. आज ९२ आहे.

कुणी माझ्यासारखं घरात लपून बसलं असेल तर, कृपा करा, जा. कुणी रागावणार नाही. रागावलंच तर दुसरा डॉक्टर गाठा.

नाशिककर

डोंबिवलीकर, तुम्ही खोडलं नाहीत हे फार चांगलं केलंत. मी स्वतः चार किलो परत कमावलेत आणि वर लिहिताना ते गाळले होते.

पुणे, पुरुष, ४१

सैल कातडीबद्दल. ४८ किलो उतरले, पोटाची घडी मांडीवर लोंबते. घामानं आत बुरशी होते, पावसाळ्यात फार. कोरडं ठेवा, सुती बनियन घाला, रोज बघा. ती काढायचं ऑपरेशन वजन स्थिर झाल्यावरच करतात, म्हणून थांबलोय.

नवी

तुमचं सगळं दोनदा वाचलं. मी बुधवारी ॲडमिट होतेय. दोन आठवड्यांचा पातळ आहार चालू आहे, यकृत आक्रसावं आणि सर्जनना आत जागा मिळावी म्हणून. आज अकरावा दिवस. सोलापूरच्या ताईंचं वाचून हात थरथरले, पण मिस्टरांना दाखवलं आणि त्यांनी नाडी मोजायचा सराव सुरू केलाय. माझी आई उद्या गावाहून येतेय, माझ्याजवळ राहायला. तिला वाटतं मी उपाशी मरेन. येताना लाडू करून आणणार म्हणाली. तिला काय सांगू?

धागा काढणारी

लाडू आणू देत, घरातल्या पोरांना होतील. तू तिला स्वच्छ सुती कापड आणायला सांग, जुन्या पातळाचं चालेल. मुगाचं पाणी गाळायला गाळणी पुरत नाही, बारीक कण राहतात आणि तेच अडकतात. कापडातून दोनदा गाळावं लागतं, आणि ते दिवसातून तीन-चार वेळा ताजं करावं लागतं. हे काम तिच्याकडे दे. शुक्रवारी घोट कसे जातायत ते इथे लिही, मी बघत असेन.