जळगावात रूमवर स्वयंपाक: कोणतं इंडक्शन घ्यावं? (बजेट 2000)

चोपडेकर_मुलगी
नमस्कार. आम्ही तिघी मैत्रिणी विद्यापीठात एमएस्सी करतोय. होस्टेलला नंबर लागला नाही, म्हणून शहरात रूम घेतली. दोन्ही वेळची मेस परवडत नाही. दुपारचा डबा चालू ठेवणार आणि रात्रीचं रूमवर करणार. रात्री बहुतेक खिचडीच, कधी पिठलं-भात. गॅस कनेक्शन नाही. घरमालक युनिटला 12 रुपये लावतात. तिघींचे मिळून 2000 रुपये आहेत, त्यापुढे खरंच जाता येणार नाही. कोणतं इंडक्शन घ्यावं? भांडी घरून आणू: अॅल्युमिनियमचा कुकर, कढई, दोन पातेली.

भुसावळचा_भाऊ
इंडक्शन घेऊच नका, विजेवरची इन्फ्रारेड शेगडी घ्या. मी 3800 ला घेतली. कुठलंही भांडं चालतं, पोळी फुगते, वांगंसुद्धा भाजून निघतं. अजून तशीच चकाचक आहे. महिनाभर थांबा, पैसे साठवा, पण वस्तू चांगलीच घ्या.

पारोळा_वायरमन
ताई, कोणतं घ्यायचं ते नंतर. आधी भिंतीवरचा प्लग बघा. रूमवर बहुतेक ठिकाणी 6 अँपिअरचाच छोटा सॉकेट असतो. 6 गुणिले 230 म्हणजे 1380 वॅट, त्यापेक्षा जास्त लोड टाकायचाच नाही. 2000 वॅटचं इंडक्शन जवळपास 9 अँपिअर ओढतं, त्याला 16 अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो. मुलं काय करतात, कन्व्हर्टर लावून मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये घालतात. मी असे सॉकेट उघडले आहेत, आतली वायर काळी होऊन प्लास्टिक वितळलेलं असतं.
दुसरं, अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतं का ते बघा. चिकटलं तर चालेल, नाहीतर भांड्यांचा खर्च वेगळा धरा.

अमळनेरी_लाल्या
बहीण, मी सांगस तुले, 5 किलोवालं छोटू सिलिंडर लई ले, बाकी भानगडमा पडू नको. पत्त्याचा पुरावा लागत नाही, नुसतं आधार दाखवलं तरी एजन्सीवर मिळतं. आम्ही चौघं त्याच्यावरच जेवतो. लाईट गेली तरी चूल बंद नाही.

बामणोदची_माहेरवाशीण
इंडक्शनवर भरीत कसं होणार ते आधी सांगा. हिवाळ्यात जळगावात राहून भरीत नाही म्हणजे काय!

भुसावळचा_भाऊ
@बामणोदची_माहेरवाशीण म्हणूनच इन्फ्रारेड म्हटलं.

बामणोदची_माहेरवाशीण
इन्फ्रारेडवर वांगं शिजतं, त्याला भरीत म्हणत नाहीत. तुराट्यांवर किंवा पऱ्हाट्यांवर, म्हणजे तुरीच्या किंवा कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला धुराचा वास लागतो, ते भरीत. आमच्या भरताच्या वांग्याला 2016 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, ते काचेवर भाजण्यासाठी नाही.

शहाद्याचा_विक्या
छोटू सिलिंडरच घ्या. मीही तेच वापरतो. फक्त रिकामं झालं की गल्लीतल्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून भरून घेऊ नका, एजन्सीवरच बदला. आमच्या शेजारच्या रूमवर तसं भरलेलं सिलिंडर गळायला लागलं, अख्ख्या मजल्याची मुलं रात्री रस्त्यावर होती.

अमळनेरी_लाल्या
सगळीच दुकानं तशी नसतात भाऊ.

शहाद्याचा_विक्या
तसं भरणं कायद्यातच बसत नाही. दुकान चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही.

चोपडेकर_मुलगी
छोटूची चौकशी केली. सिलिंडरचे पहिल्यांदा वेगळे पैसे, वर रेग्युलेटर, नळी, शेगडी. 2000 मध्ये बसत नाही. शिवाय घरमालकांना रूमवर गॅस नको आहे. वायरमन दादा, रूममध्ये छोटाच सॉकेट आहे.

धुळेकर_काकू
पोरी, शेगडीपेक्षा महिन्याचा किराणा जास्त खातो. तूर, मूग, तांदूळ, शेंगदाणा तेल घरूनच आणा. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. चोपड्याला महिन्यातून एकदा तर जातच असाल, येताना पिशवी भरून आणा. माझी मुलगी पुण्यात शिकते, तिलाही मी इथूनच बिबडे, उडदाचे पापड, लसणाची चटणी देते. भाजी संध्याकाळी बाजार उठताना घ्यायची, तेव्हा विक्रेते ओझं परत न्यायला नको म्हणून देऊन टाकतात. आणि पाकिटातल्या बऱ्याच वस्तूंवर एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, तो वाचायचा. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं नाही. शाम्पू पुडीतला बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त निघतो.

भुसावळचा_भाऊ
काकू, पुडीचा शाम्पू पाणी असतं.

धुळेकर_काकू
आम्ही वर्षानुवर्षं तोच वापरतो, केस आहेत डोक्यावर.

यावल_अभ्यासिका
तिघींपैकी कोणी अनुसूचित जातीची असेल आणि शासकीय वसतिगृहात नंबर लागला नसेल, तर स्वाधार योजनेची चौकशी समाज कल्याण कार्यालयात करा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी तशीच स्वयंम योजना आहे, आपल्याकडे यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात माहिती मिळेल. राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. उशिरा येतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर उधारी करू नका, पण अर्ज सोडू नका.

चोपडेकर_मुलगी
यावल दादा, खूप आभार. आमच्यातल्या एकीला स्वयंम लागू होते, तिला माहीतच नव्हतं. उद्याच जातोय.
आणि आमचं ठरलं. इंडक्शन नाही, गॅस नाही, इन्फ्रारेडही नाही. दीड लिटरचा इलेक्ट्रिक राइस कुकर घेतला, 500 वॅटचा, 1750 ला.

भुसावळचा_भाऊ
अहो, त्यात फक्त भात होतो! पैसे वाया.

अमळनेरी_लाल्या
कमी वॅटचं म्हणजे कमी बिल असं नसतं बहीण. वेळ जास्त लागतो.

चोपडेकर_मुलगी
दादा, हिशोब केला आहे. तिघींची खिचडी साधारण 35 मिनिटांत होते, म्हणजे 0.29 युनिट, साडेतीन रुपये. 1200 वॅटच्या इंडक्शनवर 18 मिनिटं धरली तर 0.36 युनिट, सव्वाचार रुपये. फरक फार नाही हे मान्य. पण भांडं वेगळं घ्यावं लागत नाही, छोट्या सॉकेटवर चालतो, आणि एकदा लावला की आम्ही वाचत बसतो, आपोआप बंद होतो. आम्हाला रात्री खिचडीच खायची आहे, मग खिचडीचंच भांडं घेतलं. तुरीची डाळ आधी तासभर भिजवते, नाहीतर दाणा कच्चा राहतो. पाणी भातापेक्षा जास्त घालायचं, पण कुकर गच्च भरायचा नाही, नाहीतर झाकणातून फेस बाहेर येतो.

बामणोदची_माहेरवाशीण
आणि फोडणी?

चोपडेकर_मुलगी
फोडणी नाही. गरम खिचडीवर कच्चं शेंगदाणा तेल, वर आईची लसणाची चटणी. घरी आजोबा असंच खातात.

धुळेकर_काकू
खिचडीवर कच्चं तेल हेच खरं. छान केलंस. पिठलं मात्र त्यात जमेल असं वाटत नाही.

पारोळा_वायरमन
ताई, निवड योग्य आहे. एकच सांगतो, कुकर चालू असताना त्याच सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून इस्त्री करू नका. इस्त्री 1000 वॅटची, कुकर 500, दोन्ही मिळून 1500 झाले. 1380 च्या वर गेलं, वायर तापेल. इस्त्री सकाळी करा.